घरात आणखी कोणाला बरं नव्हतं?

१७ जानेवारी

प्रिय खारूताई,

आशीर्वाद नेहमीचेच, ते धरून चाल. फोनच करणार होते. पण आमच्या खोल्या दोन, आणि तुझ्या आतोबांना सध्या उद्योग नाही. बाहेरच्या खोलीत ते ऑक्सिजनचं मशीन सारखं घरघरत असतं, तरी यांचे कान माझ्या फोनवर. म्हणून कागद घेतला.

चांगलं आहे ते आधी सांगते. यांना भूक लागते. काल दाढी स्वतःची स्वतः केली, मध्ये दोनदा बसले. नाकातल्या नळीमुळे मिशी नीट कापता येत नाही, त्यावरून मशीनशी भांडण चालू आहे. यांची ड्रायव्हिंग शिकवायची गाडी खाली धूळ खात उभी आहे. हे खिडकीतून तिच्याकडे बघतात आणि म्हणतात, "बॅटरी उतरणार तिची." मी म्हणते, "आधी तुमची चार्ज होऊ दे."

त्या मोठ्या हॉस्पिटलात तू होतीस म्हणून मी निभावले. नाहीतर मला तिथली लिफ्टसुद्धा सापडली नसती.

आता काम. पहिल्याच दिवशी तू यांच्या नाकात आणि घशात काडी फिरवलीस ना? न्यूमोनियाचा जो पेशंट दाखल होतो त्याचा नमुना घ्यायचा आणि कोणता विषाणू आहे ते शोधायचं, ही तुझी नोकरी, असं तूच मला समजावलं होतंस. मग यांच्यात कोणता निघाला? मला त्याचं नाव हवंय. आला कुठून ते मला ठाऊकच आहे. पिटुकलीकडून. आठवडाभर पोरीचं नाक गळत होतं. सूनबाई स्वतः पाळणाघर चालवते, तिला कळायला नको? खुशाल आजोबांच्या मांडीवर आणून बसवली. मी जिन्यातच सांगितलं, आता या पोरीला इथे आणायचं नाही. तुझा दादा तोंड फुगवून बसला. बसू दे.

तुमच्या लॅबचा कागद आला की त्याच्या हातात ठेवीन. 'आई उगाच बोलते' हे तरी बंद होईल.

तुझी,
आत्या

२५ जानेवारी

प्रिय आत्या,

आतोबांनी दाढी केली हे वाचून मी वॉर्डातच हसले. एका पेशंटला वाटलं त्यालाच हसते. बस-कंडक्टर आहे तो. काडी नाकात घातली तर म्हणाला, "ताई, पुढच्या स्टॉपपर्यंतच जा हं, शेवटपर्यंत नको."

आत्या, तुला वाटतं तसं आमचं काम नाही. आमची मोजणी असते. या हिवाळ्यात न्यूमोनियाने दाखल झालेल्या माणसांत कोणता विषाणू किती जणांत सापडतो, वाढतोय की उतरतोय, एवढंच. नळीवर नाव नसतं, नंबर असतो. नमुना लॅबला गेला की माझा संबंध संपला. कोणाचं काय निघालं ते माझ्यापर्यंत येत नाही. तेव्हा कागदाची वाट बघू नकोस.

आणि पिटुकलीला लांब ठेवू नकोस. तिची सर्दी कधीच गेली. आतोबांना तिच्याशिवाय करमत नाही, हे मी तुला सांगायला नको.

त्यांना म्हणावं, दम लागला की ओठांचा चंबू करून हळू श्वास सोडायचा, फिजिओथेरपीवाल्या मुलीने शिकवलाय तसा.

तुझी,
खारू

९ फेब्रुवारी

खारू,

काल इथे तमाशा झाला. दादा आला होता. मी म्हटलं, एकटाच आलास ते बरं केलंस. तर म्हणाला, "एकटा नाही. त्या दोघी खाली गाडीत आहेत. बाबांना भेटायचंय तिला."

मी म्हटलं, "वर येणार नाहीत त्या."

"आई, ती चार वर्षांची आहे."

"आणि हे अडुसष्ट वर्षांचे आहेत. तिला काय, पुढे अजून खूप वर्षं मिळतील."

मला तसं बोलायचं नव्हतं. तोंडातून गेलं. दादा पाणीही न पिता उतरला. हे नळी सांभाळत खिडकीशी गेले. खाली सूनबाईने पोरीला बॉनेटवर उभं केलं होतं, तिथून ती हात हलवत होती. हे इतका वेळ हात हलवत राहिले की दम लागला, मग खुर्चीत येऊन बसले.

रात्री दादाचा निरोप आला. त्याने बदली मागून घेतली आहे. मे महिन्याच्या शेवटी बिऱ्हाड हलवणार, पाळणाघर बंद करणार. माझ्यामुळे, असं त्याने लिहिलं नाही. लिहायला कशाला हवं?

खारू, मी सगळ्यांना सांगून बसले आहे. यांच्या भावाला, शेजारी, सगळ्यांना, की पोरीने आणलं. आता मागे कशी येऊ? आमच्या वरच्या मजल्यावरची नर्स म्हणते की असल्या मोजणीच्या अभ्यासात पेशंटने मागितलं तर त्याचा रिपोर्ट देतात. मग तू मला असं का लिहिलंस? माझ्या गळ्याशपथ, खरं काय ते सांग.

आत्या

१६ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

तुझं पत्र आल्यापासून वॉर्डात माझं चित्त नाही. काल एकाच माणसाचा नमुना दोनदा घ्यायला निघाले होते.

मी खोटं लिहिलं. रिपोर्ट आहे, आणि मला तो पहिल्यापासून माहीत आहे.

आतोबांना इन्फ्लुएंझा होता, म्हणजे आपण फ्लू म्हणतो तो. पिटुकलीला तो नव्हताच. त्या दिवसांत तिच्या पाळणाघरात पाच-सहा मुलं आजारी होती, म्हणून वहिनीने तिला मुलांच्या डॉक्टरांकडे नेऊन तपासून घेतलं होतं. तिला निघाला आरएसव्ही. तो वेगळा विषाणू. एकातून दुसरा होत नाही. आमच्या तपासणीत दोन्ही बघतात, आणि आतोबांच्या नमुन्यात पोरीचा विषाणू नावालाही नव्हता. तिने काहीही केलेलं नाही, आत्या.

हे मी जानेवारीतच का सांगितलं नाही, ते आता लिहिते. 'फ्लू' म्हटलं असतं तर तू पुढचा प्रश्न विचारला असतास. फ्लूवर औषध असतं ना? असतं. मग ते कधी सुरू केलं?

आमचे नमुने आधी फ्रीजरमध्ये जातात. मशीनवर एका वेळी मोठा ट्रे लागतो, तो भरला की लावतात. त्या आठवड्यात पेशंट कमी होते, ट्रे भरत नव्हता. लॅबमधल्या वयस्कर तंत्रज्ञांना आम्ही मास्तर म्हणतो. ते आपणहून म्हणाले, "तुझे आतोबा ना? दे इकडे. लहान मशीनवर आत्ता लावून टाकतो."

मी म्हटलं, "नको मास्तर. बाकीच्यांबरोबरच जाऊ दे."

कारण महिन्यापूर्वी एका सिस्टरने तिच्या दिराचा नमुना आधी लावायला सांगितला होता, आणि मी तिला चार लोकांत सुनावलं होतं, इथे वशिला चालत नाही म्हणून. आता माझ्या घरच्यांसाठी मीच कशी वाकू? आत्या, मास्तरांना नाही म्हणून वॉर्डात परत येताना मला स्वतःचा अभिमान वाटत होता. हेच मला सगळ्यात जास्त टोचतं.

वॉर्डातले डॉक्टर जिवाणू समजून अँटिबायोटिक देत होते. ट्रे लागला तोवर आतोबांना आयसीयूत हलवलं होतं. निकाल कळला तशी मी जिना उतरून डॉक्टरांकडे पळाले. त्या संध्याकाळी नवी कॅप्सूल सुरू झाली. तू विचारलंस ही कशाची, आणि मी म्हटलं ताकदीची. डॉक्टर मात्र सहज बोलून गेले, "जरा आधी कळलं असतं तर बरं झालं असतं."

ती कॅप्सूल आधी मिळाली असती तर आज मशीन लागलं नसतं का? कोणीच छातीठोक सांगू शकत नाही. त्या कॅप्सूलचा उपयोग जितक्या लवकर तितका जास्त, एवढंच खरं.

वहिनीला आणि पोरीला वर बोलाव. माझ्याशी काय करायचं ते नंतर ठरव.

खारू

८ मार्च

खारू,

तीन आठवडे हातात पेन धरवत नव्हतं.

म्हणजे मी त्या आयसीयूच्या बाहेर बाकावर बसून तुझ्या हातचा चहा पीत होते, तेव्हा उत्तर तुमच्या फ्रीजरमध्ये होतं. आणि तू माझ्या पाठीवरून हात फिरवत होतीस.

ताकदीची कॅप्सूल! लहानपणी तुला जुलाबाचं औषध 'सरबत आहे' म्हणून मीच पाजलं असेल, म्हणून मला तसं फसवलंस?

यांना मी काही सांगितलेलं नाही. कालच म्हणत होते, खारू होती म्हणून मी वाचलो. मी मान हलवली.

सध्या पत्र पाठवू नकोस.

आत्या

१८ मार्च

प्रिय आत्या,

पाठवू नकोस म्हणालीस तरी पाठवते आहे. न वाचता ठेवून दिलंस तरी चालेल.

मी आमच्या अभ्यासाच्या मुख्य डॉक्टर मॅडमना भेटले. सगळं सांगितलं, मास्तरांनी विचारलं होतं तेही. त्या म्हणाल्या, "तू नियमाने वागलीस. हा अभ्यास आहे, उपचार नाही." मी म्हटलं, "मॅडम, पण त्या माणसाला कुठे माहीत असतं? नाकात काडी गेली की त्याला वाटतं आता याचं काहीतरी औषध येणार."  मग त्यांनी वॉर्डाच्या डॉक्टरांना बोलावलं. आम्हा तिघांची दोन-तीनदा वादावादी झाली. मनुष्यबळ नाही, लहान मशीनच्या किट महाग, सगळं निघालं. शेवटी एवढं ठरलं की ज्या पेशंटला ऑक्सिजन लागतो, त्याची फ्लूची तपासणी त्याच दिवशी करायची. कोणाचाही नातेवाईक असो किंवा नसो. बाकीचे नमुने पूर्वीसारखेच ट्रेची वाट बघतात.

यामुळे माझी सुटका झाली असं मला वाटत नाही. तुला कळवावं वाटलं, एवढंच.

आणखी एक. तू आता स्वतःला दोष देत असशील, की सुनेला उगाच बोलले. ते बोलणं परत घेता येईल. पण फ्लू आला कुठून, याचा विचार करत बसू नकोस. थंडीत गाडीच्या काचा बंद, शेजारी नवा शिकाऊ माणूस, तासभर एकाच हवेत. बहुतेक तिथूनच आला असणार. नाहीतरी दाखल झाले तेव्हा व्हरांड्यात मी तुला विचारलंच होतं ना, घरात आणखी कोणाला बरं नव्हतं का? पोरीशिवाय कोणीच नव्हतं. मग बाहेरूनच आला. कोणाचाच दोष नाही त्यात.

तुझी,
खारू

६ एप्रिल

प्रिय खारू,

तुझं पत्र वाचून मी चार दिवस सुटल्यासारखी वागले. गाडीतल्या शिकाऊ माणसाने आणलं! जेवताना यांना म्हटलंसुद्धा, "तुमच्या त्या शिकाऊ लोकांनी घात केला."

हे म्हणाले, "त्या आठवड्यात गाडी गॅरेजमध्ये होती, क्लचच्या कामाला. विसरलीस? मी घरीच होतो की, तुझ्यापाशी." आणि पेपर वाचायला लागले.

खारू, मला ताप होता.

यांच्या आधी चार दिवस. मैत्रिणीच्या निवृत्तीच्या कार्यक्रमाला गेले होते, तिथे निम्मा हॉल खोकत होता. येताना अंग मोडून आलं. यांनी गाडी गॅरेजला टाकली ती मुद्दाम, मी एकटी पडू नये म्हणून. माझं डोकं मांडीवर घेऊन चेपत बसायचे. मी म्हणायचे लांब बसा, तर म्हणायचे, "लांबून चेपता येत नाही." माझा उतरला, यांना चढला.

तू व्हरांड्यात विचारलंस तेव्हा माझ्या तोंडाशी आलं होतं. आतून यांचा तो श्वासाचा आवाज येत होता. मी म्हटलं, नातीला सर्दी आहे. म्हटलं आणि इतकं हलकं वाटलं मला, की मग मी तेच सगळ्यांना सांगत सुटले. जितकं सांगितलं तितकं ते खरं होत गेलं. तुला मी फ्रीजरवरून बोलले, पण माझी गोष्ट तर माझ्या डोक्यातच होती, तिला ट्रे लागत नव्हता.

परवा सूनबाईकडे गेले. पाळणाघराची वेळ होती. तिने दार उघडलं, बसा म्हणाली. मोठी खुर्ची नव्हती, मुलांच्या लाल खुर्चीवर बसले, गुडघे हनुवटीला. मी सरळ सांगून टाकलं. ताप मला होता, पोरीवर ढकलला.

ती एका बाळाला थोपटत होती. थोपटणं न थांबवता म्हणाली, "माहीत आहे मला."

"कसं?"

"त्या आठवड्यात मी फोन केला होता. बाबांनी उचलला. म्हणाले, हिला फणफणून ताप आहे, डोकं चेपतोय, नंतर बोलू. मागून तुमचं कण्हणंही ऐकू आलं."

"मग जिन्यात मी एवढी बोलले तेव्हा तोंड का उघडलं नाहीस?"

"उघडणार होते. मग वाटलं, बाबांचं बरंवाईट झालं तर हे तुम्हाला जन्मभर घेऊन बसावं लागेल. त्यापेक्षा माझ्यावर रागवा. रागावर तरी उभ्या राहाल." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "पण आई, तेव्हा जमलं ते जमलं. आता जमणार नाही. पोर विचारते, आजी माझ्यावर का चिडली? त्याचं उत्तर मी देणार नाही. आणि बदली रद्द होणार नाही."

पिटुकली आतल्या दारात उभी होती. मी ये म्हटलं. ती आली नाही. कोपराने तोंड झाकून घेतलं आणि तिथूनच म्हणाली, "आजी, मी आज एकदापण खोकले नाही."

 त्या खुर्चीतून मला उठताही येईना. सूनबाईने हात देऊन उठवलं.

आता यांना सांगायचं आहे. माझं मी सांगीन. पण तुझंही तुलाच सांगावं लागेल. पुढच्या रविवारी ये. दुपारी ये, तेव्हा यांना जरा बरं असतं.

आत्या

२४ एप्रिल

प्रिय खारू,

रविवारी तुम्ही दोघी माझ्यासमोर बसून इतक्या रडलात की मला खोकायलासुद्धा जागा ठेवली नाहीत. तेव्हा मी काही बोललो नाही. बोलायला श्वास लागतो, आणि हल्ली तो मी जपून वापरतो. म्हणून लिहितोय. लिहिताना मध्ये थांबता येतं.

पहिली तक्रार. नाक माझं, काडी माझ्या नाकात, सही माझी. आणि माझ्या नाकाची बातमी मला सगळ्यांत शेवटी? पुढे कोणाचा नमुना घेशील तर त्याला आधी सांगत जा, बाबा रे, हे तुझ्यासाठी नाही, किंवा आहे. काय असेल ते. माणसाला कळतं.

तू मास्तरांना नको म्हणालीस, त्याचा मला राग नाही. मी इतकी वर्षं लोकांना सिग्नलला थांबायला शिकवलं, रस्ता रिकामा असला तरी. मीही बहुधा तेच म्हटलं असतं. नंतर ताकदीची कॅप्सूल म्हणालीस, त्याचा आहे.

आत्याच्या तापाचा तर प्रश्नच नाही. तिला ताप होता हे मला माहीत नसायला मी काय दुसऱ्या घरात होतो? तिचं डोकं मीच चेपत होतो. माझं पुढे काय होणार हे आधी कळलं असतं तरी चेपलं असतं. मी गप्प राहिलो, कारण मला वाटलं, ती पोरीला लांब ठेवते ते डॉक्टरांनी सांगितलं म्हणून. मला तसंच सांगितलं होतं तिने. हा खोटेपणा मात्र माझ्या घशाखाली उतरत नाही.

माझी फुप्फुसं किती गेली ते डॉक्टर सांगतील. पण जानेवारीपासून या खिडकीत बसून मी त्या पोरीला चार वेळा पाहिलं, तेही वरून, तिचं डोकं फक्त. या महिन्यांत ती 'र' म्हणायला शिकली. मला फोनवर कळलं. आणि मेअखेरीस ती मंडळी चालली. ते दिवस कुठल्या लॅबमध्ये ठेवलेत तुम्ही दोघींनी? कधी काढून देणार?

यावर तू उत्तर पाठवू नकोस. 

उद्या शनिवारी मी दादाकडे राहायला जातोय, मशीनसकट. त्यांचं बिऱ्हाड हलेपर्यंत तिथेच. जिने दोन आहेत, पायरीपायरीवर बसेन. सूनबाईने लाल खुर्ची पायऱ्यांवर आणून ठेवते म्हणून सांगितलंय. तुझ्या आत्याला मी चल म्हटलेलं नाही. तिनेही विचारलं नाही.

आज दुपारी मी पिशवी भरत होतो. ती दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "गोळ्या कुठल्या कप्प्यात ठेवू?" मी म्हटलं, "माझ्या मी ठेवीन." शर्ट ठेवले, टॉवेल ठेवला, आणि वाकल्यावर असा दम लागला की पलंगाच्या कडेला बसावं लागलं. मग तिने खाली बसून गोळ्या ठेवल्या, सकाळच्या वेगळ्या, रात्रीच्या वेगळ्या. चेन लावली. मी तिच्या डोक्याकडे बघत होतो. तिने वर बघितलं नाही.

तुझा,
आतोबा